दोरीखालचं टेबल

९ नोव्हेंबर

दादा,

त्या दिवशी लाँड्रीत तुला कुणी कसं सांगितलं असतं, म्हणजे तू उठून गेला नसतास? बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घेऊन फिरते आहे आणि मला उत्तर सापडत नाही. तू पत्राला सहसा उत्तर देत नाहीस हे माहीत आहे. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझं शेवटचं कार्ड माझ्याकडे आहे. एकच ओळ. 'त्याच माणसाचं मीठ खातेस?' हो, खाते. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या ज्या लाँड्रीतून तू चप्पल न घालता निघून गेलास, तिथेच मी नोकरीला लागले. मनाशी ठरवून लागले. बाहेर उभं राहून शिव्या दिल्याने काही बदलत नाही, आत शिरावं लागतं, असं मला वाटलं. तू हसशील. चिमणीही हसली. चिमणी तू गेल्यावर लागली, घडीच्या टेबलावर असते. अंगाने एवढीशी, पण तोंड सुटलं की दोन माणसं मागे सरतात. ती म्हणाली, "ताई, विहिरीत उडी मारून कुणी विहीर उपसलेली मी तरी पाहिली नाही."

आता मला धुतलेल्या कपड्यांच्या बाजूची सुपरवायझर केलं आहे. इस्त्रीचे रोलर, घडीची टेबलं, पुडे बांधायची खोली, हे सगळं माझ्याकडे. आईने शेजारणीला बोलावून सांगितलं, "आमच्या घरातली पहिली शिकलेली, आता साहेबीण झाली." मग आत आली आणि दारामागे टांगलेल्या तुझ्या शर्टाकडे बघून तेच म्हणाली जे रोज म्हणते: "माझ्या पोराने काही केलं नव्हतं."

दोरी अजून आहे. घडीच्या टेबलांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तशीच. नवीन माणूस आला की त्याला मला समजावून सांगावं लागतं, की ज्याच्या हातून माल बिघडतो त्याचा तो कपडा त्याच्या डोक्यावर दोरीला टांगतात आणि पाळी संपेपर्यंत त्याने त्याच्याखाली उभं राहून काम करायचं. साहेब म्हणतात, "ओरडून मी माझा घसा का दुखवू? कपडा बोलतो." आणि कपडा बोलून झाला की तेही बोलतात. तुला काय बोलले ते मला चिमणीसुद्धा सांगत नाही. तिने फक्त इतरांकडून ऐकलं आहे, तरी सांगत नाही.

प्रश्न पडला तो घडीकाकांमुळे. आठवतात ना? वीस वर्षं ऑपरेशनच्या गाऊनची घडी घालत आहेत. डोळे समोर, गप्पा चालू आणि हात आपले चालतच. त्यांच्या घड्या उलट्या निघायला लागल्या आहेत. गाऊनची आतली बाजू वर हवी, कारण डॉक्टर धुतलेल्या हाताने तो आतूनच उचलतात. बाहेरच्या बाजूला हात लागला की तो गाऊन बाद, त्याच्याबरोबर अख्खा पुडा बाद. हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. आता दहा पुड्यांत एखादा तरी बिघडलेला असतो. घरी सदरा घडी करतात तसा गाऊन, बाहेरची बाजू वर.

कॉलेजात आम्हाला हा प्रश्न होता. 'कामात कमी पडणाऱ्या कर्मचाऱ्याशी कसे बोलाल?' मी चार पानं लिहिली होती. एकांतात बोला, माणसावर नको, कामावर बोला, कारण विचारा. पंधरापैकी तेरा मार्क मिळाले. आणि परवा मी काकांच्या टेबलाशी गेले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "काका, चहा घेतलात?" थोड्या वेळाने पुन्हा गेले. पुन्हा चहा. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मॅडम, चहा काय मी पिंपाने पितो?" सगळी टेबलं हसली. मीही हसले आणि परत आले.

ते आपल्या बाबांच्या वयाचे आहेत. मी शाळेत असताना तुझा डबा द्यायला यायचे तेव्हा ते मला 'पोरी' म्हणायचे. आता चारचौघांत मॅडम म्हणतात.

पण मी एक युक्ती काढली आहे. जमली तर लिहीन.

तुझी,
छोटी


२२ नोव्हेंबर

दादा,

युक्ती जमली. काकांचे पुडे बांधायच्या खोलीत गेले की चिमणी ते गुपचूप सोडते, गाऊन तपासते, उलटे असतील ते सरळ करते आणि पुन्हा बांधते. काकांना पत्ता नाही. हॉस्पिटलची तक्रार नाही, साहेबांचा आवाज नाही. परवा साहेब मला म्हणाले, "तुमच्या बाजूला हल्ली शांतता आहे. शिक्षणाचा उपयोग होतो म्हणायचा." तुला राग येईल, पण मला बरं वाटलं. त्यांच्या तोंडून ऐकून बरं वाटलं याचं वाईटही वाटलं.

चिमणी कुरकुरते. "ताई, दोघांचं काम एकटीने करायचं आणि तेही चोरून. यात मी पुण्य कमावतेय का पाप, ते एकदा सांगून टाका." मी म्हटलं, पुण्य. ती म्हणाली, "मग त्याने पाठ का दुखते?"

एक गोष्ट मात्र खटकते. हे आता सगळ्या टेबलाला कळलं आहे. काका जवळ आले की बोलणं थांबतं. कुणी त्यांच्या हातांकडे बघतं, कुणी मुद्दाम बघत नाही. त्यांच्या विनोदांना आता जरा जास्तच हसतात. मी स्वतः त्यांच्या टेबलाकडचा रस्ता सोडून रोलरच्या मागून जाते. पण हे थोडे दिवसच. त्यांचं काहीतरी बिनसलं असेल, आपोआप सुधारेल. त्यांना टांगलं जाण्यापेक्षा हे बरं ना?

तुझ्या वेळी कुणी एकाने जरी तुला असं वाचवलं असतं तर तू आज घरी असतास. हे मनात येतं तेव्हा मला वाटतं मी बरोबर करते आहे.

आईचा खोकला कमी आहे. तुझ्यासाठी लोकर आणली आहे तिने. तिकडे थंडी असते का, हे विचारायला सांगितलं आहे.

छोटी


४ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. या वेळीही एकच ओळ. 'घडीकाकांना टांगलं का?'

हो. टांगलं.

चिमणी दोन दिवस नव्हती, तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं. मी स्वतः पुडे तपासायला हवे होते. पहिल्या दिवशी तपासले. दुसऱ्या दिवशी हिशेबाची बैठक लांबली आणि पुडे गेले. हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन आला तो सरळ साहेबांनाच. पेशंट टेबलावर, त्याला भूल दिलेली, आणि एक पुडा उघडला तर गाऊन उलटा. दुसरा उघडला तर तोही. तिसरा सापडेपर्यंत तो माणूस तसाच पडून. त्याला काही झालं नाही. पण ते आमच्या नशिबाने, आमच्या कामाने नाही.

मी पोचले तेव्हा साहेब स्टुलावर चढून गाऊन दोरीला लावत होते. खाली काका उभे. साहेब वरूनच बोलत होते. "वीस वर्षं झाली रे तुला! उलटं-सुलटं कळत नाही? घरी बायको सदरा तरी सरळ घालून पाठवते का, का तोही तपासून बघायचा आम्ही?" कुणीतरी हसलं. भीतीने हसतात ना, तसं. काकांची बायको जाऊन किती वर्षं झाली, हे तिथे साहेब सोडून सगळ्यांना माहीत आहे.

मग साहेब माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

दादा, मी म्हणाले, "बघते, सर."

एवढंच म्हणाले. तीन आठवडे मला सगळं माहीत होतं, आणि मी म्हणाले, बघते. काकांनी त्या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. पाळी संपेपर्यंत ते त्या गाऊनखाली घड्या घालत राहिले. वरून एक नाडी लोंबत होती, ती सारखी त्यांच्या कानाला लागत होती. ते ती बाजूला करायचे, ती परत यायची. मी बघत होते. स्टूल तिथेच होतं.

पाळी सुटल्यावर मी त्यांना कपड्यांच्या खोलीत बोलावलं. दार उघडंच ठेवलं. त्यांना खुर्ची दिली तर ते बसले नाहीत, म्हणून मीही उभीच राहिले. काय बोलायचं ते चार पानांतलं एक अक्षर आठवेना. काकाच आधी बोलले.

"चिमणी नव्हती तेवढ्यातच माझं चुकलं होय? मी काय खुळा आहे, मॅडम? कधीपासून चाललंय हे?"

मी सांगितलं.

ते म्हणाले, "साहेबांनी टांगलं ते निदान माझ्या डोक्यावर. मान वर केली की दिसतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून टांगलंत ते माझ्या पाठीमागे."

"काका, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"मग विचारायचं होतं."

"काय होतंय, काका?" मी विचारलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. गाऊनची आतली बाजू ते कधी डोळ्यांनी बघत नव्हतेच. शिवणीची कड बोटाला लागली की ती आत, नाही लागली की बाहेर. त्यावरच त्यांचा वेग होता. उन्हाळ्यापासून बोटांची टोकं बधिर झाली आहेत. शिवण लागतच नाही. कधी अंदाजाने बरोबर येतं, कधी नाही.

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी? चहाचं विचारलंत."

दादा, मला वाटलं इथेच संपेल. पण ते दाराशी जाऊन थांबले. तिथे त्यांनी मला 'पोरी' म्हटलं, आणि पुढचं बोलले. ते मला तुला लिहायचं नव्हतं. दोनदा कागद फाडला.

ते म्हणाले, "तुझ्या भावाचंही आम्ही असंच केलं. वॉशरवर होता ना तो. दुसरं विसळण करायचाच नाही, पाळी लवकर उरकावी म्हणून. चादरी माझ्याकडे यायच्या त्या साबणाने कडक झालेल्या. किती गाठोडी मीच मागच्या दाराने परत धुवायला पाठवली. रोलरवाल्यानेही पाठवली. त्याला कुणी बोललं नाही. तरणा पोरगा, राग येईल, जाऊ दे. मग वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या पाठी सोलवटल्या आणि साहेबांनी चादर टांगली. आपल्याकडे आधी झाकतात, मग टांगतात. मधलं कुणी काही करत नाही."

मी म्हटलं, खोटं आहे. तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "बरं," आणि गेले.

खरं आहे का, दादा?

छोटी


२१ डिसेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. तेच उत्तर समजते.

इथलं आधी सांगते. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी मी काकांना भेटले आणि सरळ म्हणाले, "काका, तुमच्या पुड्यांत गाऊन उलटे निघतात. हे चालणार नाही. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे. डॉक्टरला हात दाखवा, आणि तोवर प्रत्येक गाऊन डोळ्यांनी बघून घडी करा. कमी झाले तरी चालतील, मी साहेबांना सांगेन. संध्याकाळी तुमचे पुडे तुमच्यासमोर, तुमच्या टेबलावर उघडू. चिमणी हात लावणार नाही." हे सगळं मी एका दमात बोलले असणार, कारण ते म्हणाले, "आधी पाणी पी."

पहिले दिवस ते माझ्यावर उखडलेलेच. "शाळा घेताय का माझी? पट्टी आणलीत का?" मी म्हटलं, नाही आणली, तुम्हीच आणा. त्यावर जरासे हसले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं पुडे उघडायचो. एकही उलटा नाही. मला वाटलं, झालं! मला इतका आनंद झाला होता की मी आईला सांगितलं, माणसाशी नीट बोललं की सगळं होतं.

सगळं होत नाही. डॉक्टर म्हणाले बोटांच्या नसा गेल्या आहेत, परत येतीलच असं नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात उलटे गाऊन पुन्हा निघायला लागले. काका बघून घडी करायचे, पण जरा कुणी बोलायला लागलं की नजर वर जायची आणि हात जुन्या सवयीने पुढे पळायचे. एका संध्याकाळी एकाच पुड्यात दोन निघाले. ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "ऐकतच नाहीत गं. त्यांना वाटतं, त्यांना येतं."

मग मी ते केलं. पुन्हा कपड्यांच्या खोलीत, दार उघडं. "काका, सोमवारपासून गाऊन तुमच्याकडे नाहीत. तुम्ही प्रयत्न केलात, मी पाहिला. तरी होत नाहीये. ब्लँकेटचं टेबल तुमचं." ते म्हणाले, "ब्लँकेटला पाठ-पोट नसतं. तेवढी अक्कल आहे अजून माझ्या हातांना." मी काही समजूत घालायला गेले नाही. घातली असती तर ती माझ्यासाठीच झाली असती. त्यांनी आपली कात्री आणि पाण्याची बाटली उचलली आणि ड्रायरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवली.

ते रोज येतात. काम चोख करतात. मला मॅडम म्हणतात, एकटी असले तरी. चिमणी म्हणाली, "काका, आता तुम्हाला ब्लँकेटकाका म्हणायचं का?" पूर्वी त्यांनी तिला असा टोला हाणला असता की आठवडाभर पुरला असता. आता नुसती मान हलवली. मी नीट सांगितलं म्हणून त्यांना कमी लागलं असं मला म्हणता येत नाही. फक्त एवढंच, की काय लागलं आणि कुणी लावलं, हे त्यांना माहीत आहे.

साहेबांना हे कळलं तेव्हा ते घडीच्या टेबलांशी आले. "बदली केलीत ते ठीक. पण तो उलटा गाऊन टांगा आधी. बाकीच्यांना धाक कसा राहील?" मी म्हटलं, "सर, त्यांना सांगून झालंय. टांगायचं काही उरलं नाही." ते म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकात असेल. माझ्या लाँड्रीत नाही." मग मी जे 'बघते, सर' म्हणून गिळलं होतं तेही बोलून टाकलं. मला तीन आठवडे माहीत होतं, मीच झाकत होते, पेशंट अडकला तो माझ्यामुळेही. हे सगळ्यांसमोर बोलले, कारण झाकलंही सगळ्यांच्या देखत होतं. आणि स्टूल ओढलं, चढले आणि दोरी सोडली. एका बाजूची गाठ जुनी होती, सुटेना. काका कोपऱ्यातून आले, कात्री माझ्या हातात दिली आणि परत गेले.

साहेब एवढंच म्हणाले, "भावाच्या वळणावर गेलीस." म्हणजे ओळखून होते. मला वाटायचं त्यांना आठवत नसेल. महिनाअखेरीपर्यंत माझं काय करायचं ते बघतो म्हणाले आहेत. खिळे भिंतीत आहेतच, आणि दोरी काय, कुठेही मिळते. मी फार मोठं काही केलं असं समजू नकोस. मीही समजत नाही.

आता तुझं. पहिल्या पत्रात तुला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून मला येत नाही. पण कुणी आधीच सांगायला हवं होतं एवढं नक्की, आणि कुणी सांगितलं नाही म्हणून आता मी सांगते. दादा, तुझं काम वाईट होतं. तू दुसरं विसळण करत नव्हतास आणि आजारी माणसांच्या पाठी त्याने सोलवटल्या. तुझ्या डोक्यावर चादर टांगून साहेब जे काही बोलले तेही वाईट होतं, आणि ते तुझ्या चुकीने बरोबर ठरत नाही. आपल्या घरात आपण दुसरी गोष्ट रोज बोललो आणि पहिली कधीच नाही. तू परत यायचं नाव काढत नाहीस ते साहेबांमुळे, असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता वाटतं, आमच्या तोंडी तू इतका निर्दोष झालास की तुला परत यायला जागाच राहिली नाही. तू इथे आलास तर तुझ्या चुकीसकट ये. झाकणार नाही आणि टांगणारही नाही. एवढं मला आता थोडं थोडं येतं.

इथपर्यंतचं पत्र तुला पाठवायच्या आधी मी आईला वाचून दाखवलं. सगळं, एक ओळ न गाळता. ती विणता विणता ऐकत होती. विसळणाचं आलं तिथे तिचे हात थांबले. माझं वाचून झालं तरी ती दारामागच्या शर्टाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रोजचं वाक्य म्हणेल. नाही म्हणाली. म्हणाली, "एका पाण्यात साबण जात नाही, हे मी त्याला लहानपणीच सांगितलं होतं."

मग रडली. मी तिच्याजवळ बसले. पुष्कळ वेळाने तिने डोळे पुसले, पाकीट माझ्याकडे सरकवलं, आणि एवढं लिहून आता मी ते चिकटवते.

छोटी